मागवाल्यांचे कान आणि पास्टरांची मिशी

रविवारी उपासना संपल्यावर मी चर्चच्या हॉलमध्ये मशीन मांडून बसले होते आणि बाहेर एक रिक्षा भोंगा लावून फिरत होती. भोंग्यातून आमच्या रत्नाकर मास्तरांचा रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. "ज्या बंधुभगिनींना ऐकू येत नाही, त्यांनी कृपया लक्षपूर्वक ऐकावे."

रिक्षा खासबागेतल्या गल्ल्यांतून फिरून परत आली. कुणी आलं नाही. पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी एक म्हातारी आत डोकावली. चष्मे इथंच वाटतात काय म्हणून तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं चहा घेतला आणि निघून गेली. त्या दिवशीचा आमचा पेशंट तो एवढाच, आणि तिला ऐकायला छान येत होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट. लोक मला कानाची डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. कान दुखला, कान वाहिला तर ईएनटीकडे जायचं. ऐकू किती येतं ते मोजायचं आणि कमी येत असेल तर यंत्र बसवून द्यायचं, हे माझं काम. मोजायच्या मशीनला ऑडिओमीटर म्हणतात. पेशंटच्या कानाला हेडफोन लावायचे, त्यात बारीक-मोठे, जाड-पातळ बीप वाजवायचे, आणि बीप ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. बेळगावात माझं छोटं क्लिनिक आहे. सगळी वर्षं हेच केलं.

शिबिराची कल्पना आमच्या पास्टरांची. शांतवन पास्टर निपाणीचे. आमच्या चर्चमध्ये नवीनच आले होते. उंच माणूस, भरदार आवाज आणि त्याहून भरदार मिशी. ती वरच्या ओठावरून खाली उतरून खालच्या ओठावर विसावलेली असायची. चहा पिताना ते मिशी दोन बोटांनी वर धरायचे. निपाणीत त्यांच्या वडिलांची, चुलत्यांची, सगळ्यांची अशीच मिशी होती म्हणे. ते सांगताना त्यांचा हात आपोआप मिशीवर जायचा.

आल्याआल्या त्यांनी कमिटीला विचारलं होतं की चर्चच्या भिंतीपलीकडे कोण राहतं. कमिटीत कुणाला नीट सांगता आलं नाही. पलीकडे विणकरांची गल्ली आहे, पॉवरलूमची शेड आहे, दिवसभर खटखट चालते आणि तिचा उपासनेला त्रास होतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पास्टर म्हणाले, "इतकी वर्षं शेजारी राहून आपण त्यांच्या आवाजाची तक्रारच करतोय. त्यो आवाज त्यांच्या कानाला काय करतोय, ते एकदा तरी बघूया की." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला ते पटलं. पॉवरलूमचा आवाज हा माझ्या धंद्यातला जुना विषय आहे. वर्षानुवर्षं त्या आवाजात उभं राहिलं की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस एवढंच म्हणत राहतो की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

मजकूर लिहायचं काम रत्नाकर मास्तरांकडे गेलं. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि चर्चचे सर्वांत जुने पंच. गुळगुळीत दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, एकेक अक्षर सुटं करून बोलायची सवय. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला सुद्धा त्यांचा उच्चार पोचायचा, अशी त्यांची ख्याती. त्यांनी बॅनर केला. "कर्णबधिरांसाठी विनामूल्य कर्णपरीक्षण शिबिर." मी म्हटलं, जरा सोपं करा. ते म्हणाले, सोपंच आहे.

रिकाम्या हॉलमध्ये बसून बसून कंटाळा आला, तेव्हा पास्टर मला म्हणाले, "चला आक्का, जाऊन विचारूया."

मास्तर म्हणाले, "विचारायचं काय? त्यांना गरज नाही असं दिसतंय." ते आले नाहीत.

गल्लीत सगळे माग चालू होते. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येईना. आत चार-पाच माणसं कामात होती आणि आश्चर्य म्हणजे ती गप्पा मारत होती. या टोकाचा माणूस ओठ हलवत होता, त्या टोकाचा हसत होता. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आवाजात काम करणारी माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकतात. प्रत्यक्ष बघायला गंमत वाटली. मी त्याकडे गंमत म्हणूनच बघितलं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

एक बाई आम्हाला खुणेनं बाहेर ओट्यावर घेऊन आली. तिचं नाव कलाक्का. नवऱ्याच्या शेजारी बसून ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत चरख्यावर गुंडाळून द्यायची. नवरा नारायणाप्पा आत मागावर होता. पास्टरांनी विचारलं की आम्ही शिबिर ठेवलंय, कुणी का येत नाही.

कलाक्का म्हणाली, "बोर्डावर बधिर लिवलंय न्हवं? मग कोण येतंय? घरात लग्नाच्या पोरी हायत. बाप बहिरा म्हटल्यावर उद्या आजा बी बहिरा म्हणत्यात, मग पोरगी बी."

"मग काय लिहायचं?" मी विचारलं.

"मागवाल्यांचे कान बघणार, एवढंच लिवा की. आनी रविवारी आमचे माग चालू असत्यात. आमची सुट्टी आमावस्येला."

मी कपाळाला हात लावला, तो आणखी एका कारणानं. कान मोजायला शांतता लागते. माग चालू असताना कुणी आलं असतं तरी माझे बारीक बीप त्या खटखटीत बुडाले असते. पेशंट आले असते तरी आमचं शिबिर फसलंच असतं.

तिनं पुढं जपून विचारलं, "तिथं आल्यावर प्रार्थना करावी लागती काय?"

पास्टर म्हणाले, "न्हाय. कान दाखवायचा, उप्पीट खायचं, घरी जायचं."

"मग तुमाला काय मिळणार?"

"शेजारी हाय की आम्ही," पास्टर म्हणाले. 

मग तिनं नवऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी सुनीता निपाणीला दिलेली. ती फोन करते. समोरासमोर नारायणाप्पांना सगळं कळतं, पण फोनमध्ये ओठ कुठून दिसणार? मग ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहतात. बहिरा म्हणतील म्हणून मुलीला सांगतही नाहीत. मध्यंतरी सुनीतानं रडत फोन केला की सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडला. नारायणाप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय व्हय. लई चांगलं झालं." फोन नेमका स्पीकरवर होता. तिकडं सासू कॉटवर पडून ऐकत होती. तेव्हापासून सुनीतानं बापाला फोन केला नव्हता.

पास्टर हसू दाबत होते, पण कलाक्का हसत नव्हती. "पोरगी माज्याशी बोलती. ह्यांना फोन देते म्हटलं की ठेवून टाकती. हे बी काय बोलत न्हाईत. गप मागावर जाऊन हुबं ऱ्हात्यात."

कमिटीत मी तारीख बदलायची म्हटल्यावर वाद झाला. चर्चचा कार्यक्रम आणि अमावस्येला, हे मास्तरांना कसंतरीच वाटत होतं. पास्टर म्हणाले, "मास्तर, आमावस्या बी देवानंच केलीया." मास्तरांनी वहीत तारीख लिहिली, पण 'अमावस्या' हा शब्द लिहिला नाही.

नवा बोर्ड साध्या मराठीत लिहिला, खाली कन्नडमध्ये तेच. भोंगा रद्द केला. त्याऐवजी पास्टर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या पाळकीणबाई, दारोदार जाऊन सांगून आले. अमावस्येला सकाळी गल्लीत एकदम शांतता होती आणि हॉल भरला होता. माणसं भिंतीकडेनं खुर्च्यांवर बसली होती. पाळकीणबाईंनी उप्पीट केलं होतं. मी पास्टरांच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून एकेकाला आत घेत होते. पास्टर बाहेर नावं पुकारत होते, आणि पुकारलेलं नाव कुणाला कळत नव्हतं, पण तेव्हा त्याचं कारण आम्ही कानांवर ढकललं.

चार-पाच जणांची तपासणी झाली असेल. मी जरा पाय मोकळे करायला दारात आले. मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. समोरच्या भिंतीला, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला नारायणाप्पा बशी घेऊन बसले होते. मधे सगळी कलकल. मास्तर माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे लोक उप्पीट खायला आलेत, रूथबाई. फुकट म्हटलं की बहिऱ्यालाही बरोबर ऐकू जातं."

मला ते आवडलं नाही, पण मी काही बोलायच्या आतच नारायणाप्पांनी बशी खाली ठेवली. शेजारच्याकडे वळून त्यांनी ओठ हलवले. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडे बघितलं. ते भिंतीकडेनं असं सरकत गेलं, आणि सगळे एकेक करून उठले. आवाज नाही, भांडण नाही. बशा खुर्च्यांखाली नीट ठेवल्या आणि बाहेर पडले. माझ्या खोलीत हेडफोन लावून बसलेला माणूसही, कुणीतरी दारातून खूण केल्यावर, हेडफोन काढून टेबलावर ठेवून निघाला.

पास्टरांना वाटलं बाहेर काही अपघात झाला. ते दाराकडे धावले. सर्वांत शेवटी कलाक्का थांबली होती. ती मास्तरांसमोर आली.

"उप्पीट चांगलं झालंय," ती म्हणाली. "आता तुमीच खावा."

मास्तरांचा चेहरा उतरला. तरी त्यांना कळेना. एवढ्या लांबून, एवढ्या हळू बोललेलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कळलं कसं? मला मात्र त्याच क्षणी शेडमधले हलणारे ओठ आठवले. ज्याला मी गंमत समजले होते, ती त्यांची रोजची भाषा होती. हॉलच्या त्या टोकापर्यंत काय, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पोचायची. आणि मास्तरांइतका स्वच्छ उच्चार खासबागेत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पाळकीणबाईंनी उप्पिटाचं पातेलं आत नेलं. ते दोन दिवस कमिटीतल्या घराघरांतून फिरत होतं. कुणाच्या घशाखाली नीट उतरलं नसावं.

संध्याकाळी पास्टरांनी मास्तरांना बोलावलं. मीही होते. मास्तर आधी बचावावर होते. ते म्हणाले, "मी त्यांना उद्देशून बोललोच नव्हतो."

"म्हणूनच जायला पाहिजे, मास्तर," पास्टर म्हणाले.

 मास्तर म्हणाले की पास्टर हे चर्चचे प्रमुख आहेत, त्यांनी चर्चच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करावी, आपण बरोबर येऊ. ही त्यांची शाळेतली पद्धत. तिथं हेडमास्तर सगळ्यांच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करायचे, त्यामुळे ती नेमकी कुणाची हे कुणालाच कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. माग पुन्हा चालू. नारायणाप्पांनी आम्हाला बघितलं, पण हात थांबवला नाही. पास्टर पुढं झाले आणि बोलायला लागले. उपदेशाला उभं राहावं तसं, छातीवर हात ठेवून. त्या खटखटीत त्यांचा आवाज माझ्यापर्यंत सुद्धा येत नव्हता, पण ते मनापासून बोलत होते हे दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. बराच वेळ बोलले.

नारायणाप्पा टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी कलाक्काकडे बघून ओठ हलवले. कलाक्कानं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, बाई रडते आहे. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "त्ये म्हणत्यात, काय बी कळंना. मिशीच हलतीया नुसती."

हे पास्टरांना सांगायचं कसं? मी त्यांना बाहेर ओट्यावर ओढून नेलं आणि सांगितलं. त्यांचा हात सवयीनं मिशीवर गेला आणि तिथंच थांबला. काल पुकारलेली नावं कुणाला का कळली नाहीत, तेही मग आम्हा दोघांना उमगलं.

कलाक्का मागून आली होती. तिनं मास्तरांकडे बोट केलं. "ह्यांचं तोंड स्वच्छ हाय. कालचं बी सगळं स्वच्छ कळलं. ह्यांनाच बोलू द्या."

मास्तरांना पळून जायला जागा नव्हती. ते आत गेले. आम्ही दारात थांबलो. ते नारायणाप्पांच्या समोर उभे राहिले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि पहिलं वाक्य ओरडून बोलले. ते ओरडणं मागाच्या आवाजात विरून गेलं. नारायणाप्पांनी हातानं खूण केली की आवाजाची गरज नाही. मग मास्तरांनी आवाज सोडून दिला आणि नुसते ओठ हलवायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. उजेड त्यांच्या तोंडावर होता. मी या धंद्यात आयुष्य घालवलंय, पण मला त्यातला एक शब्द वाचता आला नाही. शेडमधले सगळे विणकर मात्र हातातलं काम करत करत बघत होते. आमच्या चर्चमध्ये आजवर इतकं जाहीर आणि इतकं खासगी कुणी बोललं नसेल.

मास्तरांचे ओठ थांबले. नारायणाप्पांनी काहीतरी उत्तर दिलं, तसंच, ओठांनी. मास्तरांना ते वाचता येईना. त्यांनी वळून आमच्याकडे असहाय बघितलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराचा चेहरा मी पहिल्यांदाच त्यांच्यावर पाहिला. नारायणाप्पांना हसू आलं. त्यांनी माग बंद केला, मास्तरांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि जोरात म्हणाले, "पुढल्या आमावस्येला येतो म्हटलं."

घरी जाताना मी मास्तरांना विचारलं की काय बोललात. ते म्हणाले, "ते आमच्या दोघांतलं आहे." शेडमधल्या सगळ्यांना ते माहीत होतं, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

पुढच्या रविवारी व्यासपीठावर एक अनोळखी माणूस उभा राहिला. उंची पास्टरांची, झगा पास्टरांचा, पण चेहरा कुणा तरुण चुलतभावाचा वाटत होता. तोंड उघडल्यावर आवाजावरून कळलं. वरचा ओठ सगळ्यांनी प्रथमच पाहिला. पाळकीणबाईंनाही आधी सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या बाकावर बसून संपूर्ण उपासनाभर खाली बघत होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या की लग्न करताना ही जिवणी बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. बरं का झालं असतं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी पास्टरांनी येशूनं बहिऱ्या माणसाला बरं केल्याची गोष्ट घेतली. ती मी संडे स्कूलपासून ऐकते आहे. पण पास्टर एका जागी थांबले. म्हणाले, प्रभूनं त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेलं. त्याच्याशी भाषण केलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषणाचा काय उपयोग? त्याच्या कानाला बोट लावलं, जिभेला स्पर्श केला, त्याला कळेल अशा रीतीनं सांगितलं की आता काय करणार आहे. आणि आपण काय केलं, तर रिक्षावर भोंगा लावला.

लोक हसले. मास्तरही हसले, जरा उशिरानं. मला मात्र थोडी लाज वाटली. पेशंटला शांत खोलीत घ्या, समोर बसा, चेहरा दिसू द्या, काय करणार ते खुणेनं दाखवा, हे तर माझ्या ट्रेनिंगचे पहिले धडे. इतकी वर्षं ती गोष्ट मी चमत्कारासाठी ऐकत होते. चमत्काराच्या आधीचा भाग माझ्या कामाचा होता.

पुढच्या अमावस्येला सगळे आले. उप्पीट मास्तरांनी स्वतः वाढलं, आणि वाढताना प्रत्येकाला "आणखी घ्या" इतक्या स्वच्छ उच्चारात म्हणत होते की लोकांनी खरंच आणखी घेतलं.

निकाल सांगते. बऱ्याच जणांच्या कानात नुसता मळ घट्ट बसला होता, त्यांना ईएनटीकडे पाठवलं. तरुणांच्या कानांना नुकती कुठे सुरुवात झाली होती, त्यांना कानात घालायची मऊ बुचं दिली. बूच घालायला आधी कुणी तयार नव्हतं. सूत तुटल्याचा आवाज कळणार नाही म्हणे. एका तरुणानं मात्र मेव्हणा शेडवर येऊन बसला असताना ती घालून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक जोडी मागायला आला. तिथून त्यांचा खप वाढला.

नारायणाप्पांनी मास्तरांना मनगट धरून माझ्या खोलीत आणलं. आधी ह्यांचा कान बघा म्हणाले. मास्तर घाबरले होते. मी तपासणी केली. त्यांच्या वयात इतका स्वच्छ कान मी क्वचित पाहिला आहे. अगदी बारीक बीपलाही बोट वर. पास्टर म्हणाले, "मास्तर, तुमच्यासाठी आमच्याकडे काय यंत्र न्हाय." मास्तरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्या दिवशी तो कुणाला दाखवला नाही. एरवी दाखवला असता.

नारायणाप्पांचं मात्र नुकसान बरंच झालं होतं. आवाजानं बिघडलेला कान जाड आवाज ऐकतो, पातळ आवाज सोडून देतो. 'आ', 'ओ' ऐकू येतात. स, श, फ, थ असले हवेसारखे आवाज गळतात. "सासू पडली" यातलं त्यांना जे ऐकू येत होतं, त्यातून कुणालाही सासू ओळखता आली नसती. मी यंत्र बसवलं. त्यांना मागाची खटखट आणि चमच्याचा आवाज जास्त आला, माणसांचं बोलणं थोडंच. यंत्र चष्म्यासारखं नसतं. मेंदूला ते पुन्हा शिकावं लागतं, आणि फोनवर तर आणखी वेळ लागतो.

मग मी कलाक्काला म्हटलं, व्हिडिओ कॉल का करत नाही? यंत्रापेक्षा त्यांचे डोळे हुशार आहेत. सुनीताला आधी कलाक्कानं सगळं सांगितलं, बापाचा कान गेल्याचंही आणि तो ओठ बघून ऐकतो हेही. पहिला कॉल माझ्यासमोर हॉलमध्येच झाला. सुनीतानं सवयीनं मोबाइल कानाला लावला. नारायणाप्पा स्क्रीनभर तिचा कान आणि त्यातलं झुबं बघत बसले. पास्टर मागून ओरडले, "पोरी, फोन समोर धर, तोंड दाखव." ते तिला कळलं. फोन समोर आला. ती खिडकीजवळ बसली होती, चेहऱ्यावर उजेड होता.

नारायणाप्पा फोनवर वाकले. मग म्हणाले, "सासू पडल्या तवा मी चांगलं झालं म्हणालतो. मला ऐकू न्हाय आलतं गं."

सुनीतानं मागे वळून बघितलं. मग आवाज न करता ओठ हलवले. मला, पास्टरांना कुणालाच कळलं नाही. नारायणाप्पा मात्र खुर्चीतल्या खुर्चीत मोठ्यांदा हसले. मी विचारलं, काय म्हणाली? ते म्हणाले, "सासू घरातच हाय. म्हणून आवाज काढला न्हाय."

त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता दर वर्षी शिबिर होतं. आमच्या मंडळींनी गल्लीतल्या लोकांकडून थोडं ओठ वाचायला शिकावं असं पास्टरांना वाटतं, पण अजून कुणाला जमलेलं नाही. शिबिराच्या सकाळी स्वयंसेवक गोळा झाले की मी त्यांना मोठं भाषण देत नाही. दोनच सूचना देते. पेशंटच्या समोर उजेडात उभं राहून बोला. आणि समोर उजेडात उभं राहून जे बोलता येणार नाही, ते घरी जाऊन सुद्धा बोलू नका, कारण खासबागेत खिडक्या बऱ्याच आहेत.